गॅसवर येईपर्यंत

नवी मुंबईत थंडी ती कसली. जानेवारीत बायका अंगावर शाल घेऊन दूध आणायला खाली उतरतात, तेवढीच. म्हणून गॅरेजवाला जेव्हा म्हणाला की मॅडम, तुमच्या गाडीला कोल्ड स्टार्टचा प्रॉब्लेम आहे, तेव्हा मी त्याला म्हटलं, आधी कोल्ड कुठे आहे ते दाखव. तो हसला नाही. रात्रभर उभं राहिलेलं इंजिन म्हणजे थंड इंजिन, मग बाहेर मे महिना का असेना, असं त्याने मला समजावून सांगितलं. मला ते माहीत होतं. मी आपली बोलायचं म्हणून बोलले होते. त्या वर्षभरात मी बहुतेक तसंच बोलत होते.

गाडी ह्यांची. सानपाड्याच्या आमच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये बरोबर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तिची जागा. हे न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात कामाला होते आणि रोज सकाळी गाडीनेच जात. गाडी सीएनजीची. म्हणजे सुरू होते पेट्रोलवर, आणि इंजिन जरा तापलं की मागे कुठेतरी टक असा आवाज होतो आणि ती आपली आपण गॅसवर येते. पुढचा सगळा रस्ता गॅसवर. त्यामुळे पेट्रोल ही आमच्या घरात केशरासारखी जपून वापरायची वस्तू होती. काटा कायम तळाला. सेल्फ मारण्यापुरतं असलं की झालं, असं हे म्हणत, आणि पंपावर इतकं कमी पेट्रोल मागत की मी शेजारी बसले असले तर दुसरीकडे बघायची.

सकाळी हे खाली जाऊन गाडी सुरू करत आणि ती गॅसवर येईपर्यंत तिथेच उभे राहत. चालत्या गाडीतही ती गॅसवर येते, पण ते ह्यांना पटत नसे. ऑइल वर चढू दे, म्हणत. खरं कारण डबा होता. ह्यांचा गुडघा दुखायचा, जिने पुन्हा चढणं नको वाटायचं, आणि माझी शेवटची पोळी नेहमी तव्यावरच असायची. खालून गाडीचा आवाज आला की मी डब्याचं झाकण लावायची, डबा कापडी पिशवीत घालायची आणि ग्रिलच्या छोट्या दारातून दोराने खाली सोडायची. हे डबा काढून घेत आणि दोराला हिसका देत. मग मी दोर वर ओढून खिळ्याला अडकवायची. त्यात बोलणं नसे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर सकाळच्या घाईत कोण बोलतं.

मागच्या वर्षी माझ्या भावाने गावी, चिपळूणच्या पलीकडे, नवं घर बांधलं. त्याची वास्तुशांत होती. एकदा तरी आपल्या गाडीने माहेरी जाऊ, असं मी कित्येक वर्षं म्हणत आले होते आणि हे कित्येक वर्षं बघू म्हणत आले होते. या वेळी हे स्वतःहून म्हणाले, गाडीने जाऊ. आदल्या दिवशी संध्याकाळी टायरमध्ये हवा भरून घेतली आणि पेट्रोलची टाकी फुल करून आले. कोकणच्या रस्त्यावर गॅसच्या रांगेत ताटकळायचं नाही म्हणून. वर आल्यावर मला म्हणाले, "जा, खाली जाऊन बघून ये, काटा कुठे आहे तो." मी बॅग भरत होते. उद्या बघते म्हटलं.

सकाळी हे उठलेच नाहीत. झोपेतच गेले. हार्ट, असं डॉक्टर म्हणाले.

मी रडले नाही. पहिले काही दिवस सगळे म्हणाले, धक्का बसलाय. नंतर म्हणाले, खंबीर आहे. मग जाऊबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मोकळी हो, आत ठेवू नकोस. मी आत चाचपून बघितलं तर काही सापडत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, हात लावला तर आपलाच आहे पण आपला नाही, तसं ते होतं. जेवत होते, झोपत होते, सोसायटीच्या मीटिंगला जाऊन पाण्याच्या टाकीवरून भांडतही होते. फक्त स्वयंपाक सोडला तर त्या खिडकीपाशी उभी राहत नसे. दोर खिळ्याला होता तसा होता.

मुलगी पुण्याला असते. यायची तेव्हा बॅग टाकायची, चावी घ्यायची आणि खाली जाऊन गाडीत बसायची. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. काचा वर, दारं बंद. बऱ्याच वेळाने वर यायची ती डोळे लाल करून. मी चहा पुढे करायची. मला तिचं ते गाडीत बसणं सहन व्हायचं नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा राग यायचा. जे मला जमत नाही ते ही येऊन दर खेपेला करून जाते, असा काहीतरी विचित्र राग. मी ठरवलं की वर्षश्राद्धाला ती यायच्या आत गाडी विकून टाकायची. ती येईल तेव्हा खाली जागा मोकळी असेल, मग काही दिवस रागावेल आणि थांबेल. तिला यातलं काही सांगितलं नव्हतं.

गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. ह्यांच्याच यार्डातला एक जण, उलव्याकडच्या गावचा. त्याच्या घरच्यांची जमीन प्रकल्पात गेली, आता तो यार्डात ट्रेलर लावून देण्याचं काम करतो. ह्यांना दादा म्हणायचा, तेराव्याला आला होता. त्याला गाडी हवी होती आणि दादांची गाडी कशी ठेवलेली असते हे त्याला माहीत होतं. पण माणूस व्यवहाराला पक्का. फोनवर म्हणाला, "वयनी, गाडी दादांची हाय म्हनून डोले झाकून घेईन असं नाय. सकाली थंड असताना मी सोता चालू करून बगनार. एका सेल्फला लागली तर माझी."

त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. जुनी गाडी घेताना कुणीही हेच करतं, आधी बोनेटवर हात ठेवून इंजिन गार असल्याची खात्री करतं. आणि आमची गाडी नेमकी तिथेच नापास होत होती.

ह्यांच्या मागे गाडी मीच सांभाळत होते. लायसन माझ्याकडे पूर्वीपासून होतं. रविवारी सकाळी खाली जायचं, गाडी सुरू करायची, ती गॅसवर आली की सेक्टरला एक फेरी मारायची आणि परत लावायची. वॉचमनने सांगितलं होतं की नुसती उभी ठेवली तर बॅटरी बसेल. पावसाळा संपता संपता तिने कुरकुर सुरू केली. सेल्फ मारला की नुसतंच घर्र घर्र. मग कशीबशी लागायची ती अशी थरथरायची की आरशातली मागची भिंत हलताना दिसायची. मग बंद पडायची. पुन्हा सेल्फ, पुन्हा थरथर. थोडा वेळ तग धरला की मात्र शांत व्हायची, आणि मग दिवसभर कितीही वेळा बंद-चालू करा, तक्रार नाही.

गॅरेज आमच्या मागच्याच रस्त्यावर आहे. गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलली. "झालं मॅडम, टेन्शन नाही." दुपारी माझ्यासमोर सुरू करून दाखवली, छान लागली. सकाळी पुन्हा घर्र घर्र. मग म्हणाला, सीएनजीच्या गाडीचे प्लग लवकर जातात. प्लग नवे घातले. दुपारी छान, सकाळी तेच. मग हवा आत जाते तो भाग उघडून साफ केला, त्यातून काळी काजळी निघाली, ती मला कापसावर घेऊन दाखवली आणि म्हणाला, हेच होतं. ते नव्हतं. प्रत्येक वेळी तो गाडी भरदुपारी तपासायचा, मी चालवत नेलेली, तापलेली. आजारी माणसाला बरं वाटत असताना डॉक्टरकडे न्यावं तसा आमचा प्रकार चालला होता. हे मी त्याला सांगितल्यावर तो म्हणाला की मग रात्रभर ठेवून जा. गाडी ठेवली तर सकाळी त्याने गॅरेज उघडलं दहानंतर, आणि गाडी उन्हात.

वर्षश्राद्ध जवळ येत चाललं होतं. दुसऱ्या विंगमधल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन युक्ती सांगितली. गिऱ्हाईक यायच्या आधी पहाटे गाडी सुरू करून गरम करा आणि मग बोनेटवर ओलं फडकं फिरवा, कुणाला कळत नाही. मला वाईट वाटायला हवं होतं की असं काही आपल्याला कुणी सुचवावं. मला फक्त एवढंच वाटलं की पहाटे उठून बोनेट पुसायचा कंटाळा येईल.

गाडीला कुठे दुखतंय हे शेवटी गॅसनेच सांगितलं. एका रविवारी मी गाडी काढली तेव्हा गॅस संपलेला होता, माझं लक्ष नव्हतं. घर्र घर्र झालं, थरथर झाली, मी नेहमीप्रमाणे त्या टक आवाजाची वाट बघत बसले. तो झालाच नाही. शेवटी तशीच निघाले. स्टेशनपर्यंत गाडी ढुसण्या देत, आचके देत गेली. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून वैतागला. परत येऊन गाडी लावली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. तेव्हा डोक्यात आलं की ही थंडीत बिघडते असं नाहीच. ही पेट्रोलवर बिघडते. तापलेली असली की ती सुरू होताच गॅसवर जाते, म्हणून आपण सकाळी तिला पेट्रोलवर ऐकतो आणि दुपारी गॅसवर.

गॅस भरून घेतला आणि तशीच गॅरेजला गेले. गॅरेजवाल्याने ऐकून घेतलं, मग आत हात घालून गॅसचं बटण दाबलं आणि चालू गाडी पेट्रोलवर घेतली. लगेच धडधड. पुन्हा गॅसवर, शांत. पुन्हा पेट्रोलवर, धडधड. भर दुपारी, तापलेल्या इंजिनावर. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "पण पेट्रोल तर फुल आहे." पहिल्या दिवशीच त्याने काट्याकडे बघून पेट्रोलचा विषय संपवला होता. सीएनजीवाल्याची टाकी रिकामी असते, हे त्याला ठाऊक. भरलेल्या टाकीला कोण कशाला नावं ठेवेल.

"कधी भरलंय?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. वर्ष होत आलं, म्हटलं. का भरलं होतं तेही सांगितलं, त्याने विचारलं नव्हतं तरी. मधे एकदा मुलगी म्हणाली होती की आई, थोडे दिवस पेट्रोलवरच चालव, संपवून टाक. मी म्हटलं होतं, असू दे. का असू दे, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

गॅरेजवाला म्हणाला की हल्लीचं पेट्रोल इतकं टिकत नाही. त्यातला पटकन पेट घेणारा भाग उडून जातो, वर ते हवेतलं पाणी धरतं, आणि आपल्याकडे खाडीची हवा. उरतं ते थंड इंजिनात पेटतच नाही. त्याने मागची सीट उचलली, खालचं झाकण उघडलं, आणि वास आला. पेट्रोलचा नाही. जुन्या रंगाच्या डब्याचा, रॉकेलचा, असा कसला तरी आंबूस वास. नळी घालून त्याने पेट्रोल कॅनमध्ये काढायला घेतलं. कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं होतं. एक कॅन भरला, दुसरा भरला, तो म्हणत होता की मॅडम, केवढं भरून ठेवलंय साहेबांनी. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होते. चिपळूणपर्यंतचं पेट्रोल होतं ते. येतानाचंही असेल. मला काहीतरी होईल असं वाटलं होतं, पण काही झालं नाही.

"याचं काय करू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, ठेव तुला. पार्ट धुवायला वापरीन म्हणाला.

त्याने पेट्रोलची जाळी बदलली, इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळ्या काढून धुतल्या आणि थोडं ताजं पेट्रोल घातलं. सेल्फ मारण्यापुरतं. गाडी घरी आणून लावली आणि गिऱ्हाइकाला फोन केला.

तो म्हणाला, उद्या ड्यूटीवर जाताना सकालीच येतो. तुमी खाली येऊ नका, चावी वॉचमनकडे ठेवा, मी बगून घेतो. मी चावी देऊन ठेवली. मुलगी परवा येणार होती. सगळं वेळेत बसत होतं.

सकाळी मी ओट्याशी होते. पोळ्या करत होते. एकटीला लागतात तेवढ्याच. खाली गाडीचं दार उघडल्याचा, लागल्याचा आवाज आला. आणि गाडी सुरू झाली.

एका सेल्फला. घर्र नाही, थरथर नाही. अगदी तसाच आवाज जसा वर्षानुवर्षं त्या खिडकीतून आत यायचा. वर्षभर मी गाडी सुरू केली होती ती आत बसून, आणि पावसाळ्यापासून तर गाडी आजारीच होती. वरून, या ओट्यापाशी उभी राहून, बरी झालेली गाडी मी ऐकलीच नव्हती. मी गॅस बारीक केला. हात पिठाचेच होते. पिशवी खुंटीवर होती ती घेतली, दोर खिळ्यावरून काढला, गाठ मारली, ग्रिलचं दार उघडलं आणि पिशवी खाली सोडली. हे सगळं मी विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. उशीर झालाय, एवढंच डोक्यात होतं.

पिशवी खाली पोचली. मग दोराला हिसका बसला.

मी दोर ओढला. पिशवी हलकी आली, डबा काढून घेतल्यावर यायची तशी. आत हात घातला तर गाडीची चावी. खालून त्याचा आवाज आला, "भेटली ना चावी, वयनी? अर्ध्या सेल्फला लागली. गाडी माझी." त्याला वाटलं होतं, मी चावी परत घ्यायला रिकामी पिशवी सोडली. त्याने गाडी बंद केली होती, ते मला ऐकूच आलं नव्हतं.

मी ओट्याला पाठ टेकून खाली बसले आणि रडले. तव्यावरची पोळी करपून धूर झाला तरी उठता येईना. माझा नवरा मेला होता. गेलं वर्षभर मी हे वाक्य सगळ्यांना सांगत होते, बँकेत, सोसायटीत, गॅसच्या एजन्सीत. ते माझ्याबद्दल आहे हे मला त्या सकाळी कळलं.

तो वर आला. दार नुसतं लोटलेलं होतं. व्यवहाराचं बोलायला आला असावा. मला बघून दारातच थांबला. मी त्याला म्हटलं की गाडी तुझीच, शब्द फिरवत नाही, पण वर्षश्राद्ध होऊन जाऊ दे, मग ने. तो दारातूनच म्हणाला, "चालंल. दादांची गाडी पलून जानार हाय काय?" करपलेली पोळी त्यानेच आत येऊन तव्यावरून काढली आणि गॅस बंद केला.

तो गेल्यावर मी चावी घेऊन खाली गेले. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसले. काचा वर, दार बंद. इतकी वर्षं मी तिथेच बसत होते, पण हे गेल्यापासून एकदाही बसले नव्हते. तिथून काटा दिसतो. तळाला होता. मग मुलीला फोन लावला.

"उद्या लवकर ये," मी म्हटलं. "गाडी अजून इथे आहे. दोघी बसू."



"आई, तू रडतेयस?"

"हो," मी म्हटलं.